मातीची कुंडी की ग्रो बॅग : पावसाळ्याआधी ठरवताना

मृग लागण्यापूर्वी झाडे मोठ्या कुंड्यांत हलवण्याची लगबग सुरू झाली की गच्चीवर बाग करणाऱ्या परिचितांकडून हा प्रश्न हमखास येतो : मातीची कुंडी घ्यावी की ग्रो बॅग, म्हणजे झाडे लावायची प्लास्टिकची पिशवी? पुण्यात आमच्या गच्चीवर गेली सहा वर्षे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. माझे मत या एका गच्चीवरच्या, पश्चिमेच्या उन्हातल्या आणि बोअरच्या पाण्यावरच्या अनुभवाचे आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

बॅगेचे गुण मान्य करायलाच हवेत. तिसऱ्या मजल्यावर ती घडी घालून नेता येते, किंमत कमी पडते आणि स्लॅबवरचा भारही थोडा हलका राहतो. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्यासाठी लांबट, उथळ बॅगेइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. उन्हाळ्यात तर तिचेच पारडे जड असते. मातीची कुंडी माठासारखी पाझरते, त्यामुळे मुळे गार राहतात हे खरे, परंतु एप्रिल-मेमध्ये 12 इंची कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागते, तर बॅगेला माझ्याकडे एकदा पुरते. सुट्टीत आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी ही गोष्ट हलकी समजू नये.

असे असूनही माझा कल कुंडीकडे झुकला, तो पावसाळ्यातल्या एका त्रासामुळे. बॅगेतल्या मातीला वाफसा आला आहे की नाही, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाऊन ती बेताची ओलसर झाली आहे की नाही, हे बाहेरून कळतच नाही. श्रावणात दोन दिवस उघडीप मिळते, वारा सुटतो, वरचा बोटभर थर सुकून भुरभुरीत दिसू लागतो आणि तळाशी मात्र चिखल तसाच असतो. माझे लिंबाचे कलम अशाच एका बॅगेत होते. त्याची पाने पिवळी पडून मलूल झाली, तेव्हा त्याला पाणी कमी पडत असावे असे समजून मी आणखी पाणी घातले. अखेर बॅग कापली, तेव्हा कुजका वास आला. मुळे तपकिरी झाली होती आणि त्यातले एक चिमटीत धरून ओढले, तर वरची साल निसटून हातात आली व आत नुसता दोरा उरला. चार वर्षे वाढवलेल्या त्या झाडाची हळहळ मला अजूनही वाटते.

कुंडीच्या बाबतीत अशी फसगत सहसा होत नाही. ओली असताना ती गडद विटकरी दिसते आणि सुकू लागली की काठाकडून खाली फिकट होत जाते. बोटाच्या पेराने टकटक केले, तर ओल्या कुंडीतून बद्द आवाज येतो आणि कोरडीतून खणखणीत. सकाळी गच्चीवर एक फेरी मारताना ज्या कुंडीचा आवाज खणखणीत येतो, तिलाच मी पाणी घालतो. अर्थात हा गुण कोऱ्या मातीचा आहे. तैलरंग दिलेल्या कुंडीची छिद्रे बुजतात आणि मग तिच्यात व बॅगेत फारसा फरक उरत नाही. गेरूचे मात्र वावडे नाही. बोअरच्या पाण्याने बाहेरून क्षारांचा पांढरा थर चढतो, तो काथ्याने घासला की निघतो. कुंड्या फुटतात, हेही खरे. गेल्या वर्षी हलवाहलवीत माझ्या दोन फुटल्या. पण माझ्याकडच्या बॅगांची शिवणही तिसऱ्या उन्हाळ्यात उसवलीच.

मोगरा, कढीपत्ता, लिंबू अशी वर्षानुवर्षे ठेवायची झाडे असतील, तर शक्यतो कुंडी घ्यावी, आणि तीही तोंडाकडे रुंद होत जाणारी. आवळत्या तोंडाच्या कुंडीतून मुळांचा गड्डा न तोडता काढता येत नाही. नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, भोकावर खापराचा तुकडा पालथा घालावा आणि पावसाळ्यात खालची ताटली काढून कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी साचून डासही होणार नाहीत. ज्यांनी बॅगा आधीच घेतल्या आहेत, त्यांनी त्याही विटांवर चढवाव्यात आणि उघडीप पडली तरी बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये. काडीला ओला चिखल लागून आला, तर त्या दिवशी झारी बाजूला ठेवावी.