कुत्र्या-मांजरांच्या वैद्यकीय आहारशास्त्राचे प्रशिक्षण: दवाखान्यात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आपल्याकडील पशुवैद्यकीय पदवीत आहारशास्त्र शिकवले जाते, परंतु त्याचा मोठा भाग गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यांचा असतो, आणि शेतीवर उभ्या असलेल्या राज्यात ते स्वाभाविकच आहे. चारा, पेंड आणि मुरघास यांचे गणित पक्के असलेला पदवीधर शहरात दवाखाना थाटतो, तेव्हा मात्र त्याच्या टेबलावर मूत्रपिंडे निकामी होत चाललेली पॉमेरेनियन, लघवी तुंबलेला बोका किंवा केवळ दूधभातावर वाढलेले ग्रेट डेनचे पिल्लू येते. या प्राण्यांना काय आणि किती खायला द्यावे, याचे उत्तर ‘हलका आहार द्या’ एवढ्यावर संपू नये, म्हणून मी कुत्र्या-मांजरांच्या वैद्यकीय आहारशास्त्राचा एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यात ध्वनिचित्रमुद्रित धडे होते, संध्याकाळच्या केस-चर्चा होत्या आणि शेवटी आपल्याच दवाखान्यातील एका रुग्णाचा सविस्तर अहवाल लिहून द्यायचा होता. अशा तऱ्हेचे बरेच अभ्यासक्रम आज उपलब्ध असून त्यांचा गाभा पुष्कळसा सारखा आहे, त्यामुळे येथे एका संस्थेची शिफारस करण्यापेक्षा या शिक्षणाचा रोजच्या कामात किती उपयोग झाला, हे लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सर्वांत मोठा बदल केस पेपरवर झाला. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने 2011 साली पोषणविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा तापमान, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या जोडीने पोषणाची तपासणी ही प्रत्येक भेटीतील पाचवी आवश्यक तपासणी मानावी, असे म्हटले होते. प्रशिक्षणाचा सारा भर याच तत्त्वावर होता. वजनासोबत शरीरस्थितीचा नऊपैकी गुणांक (पाच म्हणजे योग्य, नऊ म्हणजे अतिलठ्ठ) लिहायचा, स्नायूंची स्थिती हाताने चाचपून वेगळी नोंदवायची आणि आहाराची पूर्ण विचारपूस करायची. संघटनेच्या संकेतस्थळावर यासाठीचे तक्ते आणि फॉर्म विनामूल्य मिळतात, आणि अभ्यासक्रमाचे शुल्क परवडत नसेल त्यांनी निदान तेवढे तरी छापून तपासणीच्या टेबलाशेजारी लावावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

विचारपूस म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगते. नसबंदी झालेली, 38 किलो वजनाची एक लॅब्रॅडोर मादी लंगडते म्हणून आणली होती. तिचा गुणांक 9 पैकी 8 होता. पाचाच्या वरच्या प्रत्येक गुणामागे साधारण 10 टक्के वजन जास्त असते, या हिशेबाने तिचे योग्य वजन 30 किलोच्या आसपास येत होते. घरच्यांचे म्हणणे मात्र एकच होते: ‘‘डॉक्टर, ती जेवतच नाही हो, नुसता वास घेते आणि निघून जाते.’’ मग फॉर्ममधले प्रश्न क्रमाने विचारले. घरात तिला कोणकोण खायला देते, गोळी कशात घालून देता, चहाच्या वेळी ती कुठे बसते? तेव्हा सून हळूच म्हणाली, ‘‘आई, सकाळच्या पोळ्यांचं पण सांगा ना.’’ दिवसभरात तूप लावलेल्या चार पोळ्या आणि सहा ग्लुकोज बिस्किटे तिच्या पोटात जात होती, आणि त्यांचीच बेरीज सुमारे 700 किलोकॅलरी झाली. वजनाच्या 0.75 व्या घाताला 70 ने गुणले की विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज मिळते. 30 किलोच्या कुत्र्यासाठी ती जवळपास 900 किलोकॅलरी येते, आणि वजन उतरवताना सुरुवात याच आकड्यापासून करतात. म्हणजे वाडग्यात ड्राय फूडचा दाणाही पडण्यापूर्वी तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक कोटा संपलेला असे, मग ती वाडग्याचा नुसता वास घेऊन निघून जाणारच.

हा हिशेब आजींसमोर कागदावर मांडला, तेव्हा त्यांनी दिवसाला अर्धी बिनतुपाची पोळी एवढी सवलत मागून घेतली आणि ती मी आनंदाने दिली, कारण वरचा खाऊ एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत राहिला तर चालतो. त्या मादीचे वजन आठवड्याला एक टक्क्याच्या गतीने उतरत गेले आणि वेदनाशामकाची मात्राही कमी करता आली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रॅडोर जोड्या लावून जन्मभर निरीक्षणाखाली ठेवले होते. जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाद्य मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान (ज्या वयापर्यंत निम्मी कुत्री जगली ते) 13 वर्षे, तर इतरांचे 11.2 वर्षे निघाले. हे दोन आकडे मी आता लठ्ठ कुत्र्याच्या प्रत्येक पालकाला सांगते, आणि औषधाच्या कोणत्याही चिठ्ठीपेक्षा ते अधिक मनावर घेतले जातात.

पिल्लांच्या कॅल्शियमवरील धडा आपल्याकडच्या प्रत्येक पशुवैद्यकाने ऐकावा, असा आहे. पिल्लू दिसले की कॅल्शियमचे सिरप लिहून देण्याची पद्धत आपल्या व्यवसायात इतकी रुळली आहे की पालक ते स्वतःहूनच मागतात. वास्तविक दोन अगदी उलट परिस्थिती वेगळ्या ओळखाव्या लागतात. केवळ शिजवलेले बिनहाडाचे चिकन आणि भात खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडते, कारण मांसात ते फॉस्फरसच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाएवढेच असते. अशा वेळी शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते, पाय वाकतात आणि उडी मारल्याचे निमित्त होऊन हाड मोडते. याउलट पिल्लांसाठीचे संपूर्ण व्यावसायिक खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून सिरप दिले, तर तेच घातक ठरते. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखता येत नाही, आणि त्यामुळे हाडांची वाढ बिघडते, हे नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या संशोधनातून दिसून आले. आमच्या दवाखान्यात आता आहाराची नोंद झाल्याशिवाय कॅल्शियम लिहिले जात नाही.

दाखल रुग्णांच्या बाबतीत पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या, उपचारात मोठा फरक पडला. उलट्या थांबेपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात पार्व्हो झालेल्या 30 कुत्र्यांपैकी निम्म्यांना दाखल झाल्यावर 12 तासांनीच नाकातून अन्ननलिकेत घातलेल्या बारीक नळीने अन्न सुरू केले होते. ती इतरांपेक्षा सरासरी एक दिवस लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपले बरेचसे पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, त्यामुळे उपाशी ठेवलेले आतडे आणखी झिजते. पाच किलोच्या पिल्लाची विश्रांत गरज सुमारे 235 किलोकॅलरी येते. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा पातळ स्वरूपात विभागून द्यायचा आणि उलटीविरोधी औषध चालू ठेवून पुढे वाढवत न्यायचे. सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून ‘पोट भरतंय ना त्यानं?’ असे विचारणाऱ्या पालकांना तिच्यात पाणी आणि क्षार असतात, जेवण नसते, हे समजावून सांगणेही आता सोपे जाते.

मांजरांवरील भाग उत्तम होता, पण तो थोडक्यात आटोपला. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी टॉरिनची (मांस-मासळीतून मिळणारे आणि मांजराच्या शरीराला स्वतः पुरेसे बनवता न येणारे अमिनो आम्ल) कमतरता आणि मांजरांच्या हृदयस्नायूचा आजार यांचा संबंध सिद्ध केला, आणि टॉरिन देऊन ती हृदये सुधारतात हेही दाखवले. दूध-पोळीवर मांजर पाळणाऱ्या शाकाहारी घरांशी हे बोलणे नाजूक असते. स्वयंपाकघरात मासळी आणण्यास तयार नसलेली बहुतेक कुटुंबे बंद पाकिटातील संपूर्ण खाद्य गॅलरीत ठेवण्यास तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

उणीव सांगायची तर एकच, पण ती मोठी आहे. धड्यांमधील जवळजवळ प्रत्येक रुग्ण पाकिटातील खाद्य खातो आणि प्रत्येक आजाराला एक तयार पथ्यखाद्य हजर असते. तालुक्याच्या गावात ते खाद्य मिळत नाही, मिळाले तर महिनाभराचा खर्च अनेकांना झेपत नाही, आणि वाटीने मोजून दिलेला वरणभात कोणत्याही तक्त्यात बसत नाही. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 सालचे भारतीय अन्नघटकांचे तक्ते मला स्वतंत्रपणे हाताशी घ्यावे लागले. नाचणीचेच पाहा. वाढत्या पिल्लाला 1000 किलोकॅलरीमागे किमान 3 ग्रॅम कॅल्शियम हवे असते, आणि तेवढी ऊर्जा नुसत्या नाचणीतून दिली तरी त्यातून एक ग्रॅमच्या थोडेच वर कॅल्शियम मिळते. तेव्हा ‘आम्ही नाचणीसत्त्व देतो’ हे उत्तर पुरेसे नाही, हे आकड्यांनिशी सांगता येते, पण ते आकडे जुळवण्याचे काम अभ्यासक्रम करून देत नाही. पालकांना मी स्वयंपाकघरात वापरण्याचा छोटा वजनकाटा घ्यायला सांगते, कारण प्रत्येक घरातील वाटी निराळी असते.

खाद्य बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही पशुवैद्यकांसाठी विनामूल्य धडे चालवतात. शरीरक्रिया आणि ऊर्जेचे गणित यांसाठी ते उपयुक्त आहेत. उत्पादनाची निवड सांगणारा भाग मात्र प्रायोजक लक्षात ठेवूनच ऐकावा.

या प्रशिक्षणाने कोणी आहारतज्ज्ञ होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार आणि स्वादुपिंडाचा दाह एकाच कुत्र्यात असेल, तर एकासाठी प्रथिने व फॉस्फरस आणि दुसऱ्यासाठी स्निग्धांश कमी करताना त्याने खाणेच सोडून देऊ नये, असा घरगुती आहार बसवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. अमेरिका आणि युरोपातील मान्यताप्राप्त पशु-आहारतज्ज्ञांपैकी काही जण उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला दूरस्थ सल्ला देतात. त्यांना पाठवायची माहिती, म्हणजे आहाराची नोंद, शरीरस्थिती आणि स्नायू यांच्या नोंदी, रक्त-लघवीचे अहवाल आणि चालू औषधे, कशी मांडावी हे या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या अहवालामुळे नीट शिकायला मिळाले.