बडोद्यात बदली: दांडिया बाजार की मांजलपूर?

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली की मराठी माणूस आधी दांडिया बाजारातच घर शोधतो. ते साहजिकच आहे. गायकवाडी काळापासून तिथे आपली वस्ती आहे, सुरसागर तलाव अगदी जवळ, सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीकडे जाताना लागतं. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी डबा पाठवतात, आणि परक्या गावात याचं मोल फार असतं. पण घरं जुनी, जिने अरुंद, गाडी लावायला जागा मिळणं कठीण. शिवाय रोज सकाळी गर्दीतून शहराच्या दक्षिण टोकाला जायचं.

मांजलपूर कारखान्यांच्या जवळ. सोसायट्या नव्या, लिफ्ट, पार्किंग. मराठी कुटुंबं इथेही भेटतात, फक्त ओळख स्वतः काढावी लागते.

घर कुठेही घ्या, ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात त्या गल्लीत पाणी किती चढलं होतं, हे शेजाऱ्यांना विचाराच. दलाल हे सांगत नाही.

रात्रपाळी असेल, मुलं लहान असतील तर मी मांजलपूरच सुचवेन. एकटे येत असाल तर मात्र पहिलं वर्ष दांडिया बाजारात काढा.