बटणाचा रंग बदलायचा: सीएसएस की जावास्क्रिप्ट?

गुहागरला होमस्टे चालवणाऱ्या भाच्याचा प्रश्न: ‘खोली बुक करा’ बटणावर माऊस नेल्यावर रंग बदलायचाय, तर सीएसएसचं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) होव्हर, म्हणजे माऊस वर असतानाचा नियम वापरू, की जावास्क्रिप्टचे (पानाचं वागणं ठरवणारी भाषा) माऊसओव्हर-माऊसआउट, म्हणजे माऊस आल्या-गेल्याचे इशारे?

मेहनत बघितली तर होव्हरला एक नियम पुरतो. माऊस बाजूला झाला की मूळ रंग आपोआप परततो. जावास्क्रिप्टमध्ये येतानाचा आणि जातानाचा, दोन्ही हँडलर (इशारा मिळताच चालणारे कोडचे तुकडे) लिहायचे. दुसरा राहिला की बटण रंगलेलंच. शिवाय बटणात आयकॉन असेल तर माऊस त्यावर सरकतानाही हे हँडलर पुन्हा चालतात. तिथे माऊसएंटर-माऊसलीव्ह बरे, आतल्या घटकांवर फिरताना ते गप्प राहतात.

पुढची डागडुजी? हँडलरने थेट बटणाच्या स्टाइलमध्ये घातलेला रंग स्टाइलशीटमधल्या (सीएसएस नियमांच्या यादीतल्या) साध्या नियमाला जुमानत नाही. पावसाळ्यात रंगसंगती बदलायची ठरली की बसा स्क्रिप्ट उपसत. हँडलरने फक्त क्लास (सीएसएसचा नियम ज्यावरून लागतो ते नाव) लावावा-काढावा, रंग सीएसएसमध्येच राहू द्यावा.

मोबाइलवर दोन्ही लंगडे. बोट उचललं तरी होव्हरचा रंग चिकटून राहू शकतो. खरा होव्हर असणाऱ्या उपकरणांपुरता नियम मीडिया क्वेरीत (उपकरण बघून लागणाऱ्या सीएसएसच्या अटीत) घालता येतो. नाहीतरी किनाऱ्यावर उभं राहून खोली शोधणाऱ्याकडे माऊस कुठला असायला!

बटणं, मेनू, दरपत्रकाच्या ओळी यांना होव्हरच, सोबत कीबोर्डवाल्यांसाठी फोकसचा, म्हणजे कीबोर्डने बटणावर पोहोचल्यावर लागणारा नियम. नकाशावर वेळणेश्वरवर माऊस नेल्यावर बाजूच्या यादीतली खोली उजळायची असेल, किंवा खोली रिकामी आहे का ते पाहून रंग ठरवायचा असेल, तर जावास्क्रिप्ट.