मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: जुन्या मारुती 800 वर किती कामाचा?

घरच्या घरी टॅपेट सेट केले (म्हणजे व्हॉल्व्हच्या, इंजिनातल्या झडपांच्या, टोकावरचा गॅप मापात आणला), फॅन बेल्ट बदलला, प्लग साफ करून बसवले आणि गाडी सुरू करताच नवीनच टकटक ऐकू आली, तर त्या वेळी कामाला येणारं हे साधन. साधा नमुना चार-पाचशेच्या घरात मिळतो: कानात घालायच्या दोन नळ्या, पडदा असलेली पत्र्याची डबी आणि पुढे आट्यांवर बसणारी लोखंडी सळई. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवूनही हेच काम होतं. फक्त त्यात डोकं इंजिनात घालावं लागतं, आणि रेडिएटरचा पंखा काही सांगून सुरू होत नाही. एवढ्यासाठी पैसे वसूल.

या साधनाचं पाकीट फोडण्याआधी मात्र जे जे उघडलं होतं ते हाताने तपासा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावरच्या) पत्र्याचा एखादा 10 नंबरचा बोल्ट राहिला की खडखड होतेच. प्लग हाताने पूर्ण बसल्यावर, वॉशर नवीन असेल तर आणखी अर्धा फेरा तरी आवळावा लागतो; ढिला राहिला तर चुकचुक करतो. ऑइल फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना दोन-चार सेकंद टकटक होणारच, फिल्टर भरेपर्यंत.

साधनाची खरी कमाल टॅपेटला. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हरवर प्रत्येकाच्या वर सळई टेकवत जा. जिथे टकटक ठळक, तिथला गॅप जास्त. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांडीच्या, निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे आयडलिंग मिनिटाला 900 फेऱ्यांवर असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला 450 ठोके देतो. ठेका त्याच्या दुप्पट आणि जड वाटला तर सळई खाली ऑइल चेंबरला लावा. तिथे धडधड असेल तर इंजिन लगेच बंद करून आधी डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) ऑइल बघा.

गॅप बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गॅप ठरवणाऱ्या स्क्रूचा लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत थोडा फिरतो. म्हणून नट आवळून झाल्यावर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघायचं, मापं मॅन्युअलमधली, आणि इंजिन थंड की गरम हेही त्यात दिल्याप्रमाणेच. आवाज अजिबात नाही म्हणून खूश होऊ नका. गॅप फार कमी राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गुपचूप जळतो.

टॅपेटसारखाच फसवा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळक्या गॅस्केटचा (जोडातल्या पॅकिंगचा). नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी जोरात, इंजिन तापलं की कमी. इथे सळई काढून नुसती नळी जोडावर फिरवा, फुसफुस नेमकी सापडते. व्हॅक्यूम पाइपलाही हीच युक्ती.

बेल्टच्या चुईचुईला तर साधन लागतच नाही. चालू बेल्टच्या आतल्या बाजूला लांबून थोडं पाणी मारा: आवाज क्षणभर गेला तर पुलीची सरळ रेषा चुकली आहे, वाढला तर बेल्ट ढिला. घरघर अल्टरनेटरची की वॉटर पंपची हे ऐकताना सळई बेअरिंगच्या जवळच्या जाड भागावर टेकवा, पातळ पत्र्यावर नको. घरघर या दोघांतल्या कुणाची आहे तरी का, अशी शंका राहिली तर बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा. त्याहून जास्त नको, कारण वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे.

तक्रारी दोन. कानातली टोकं कडक प्लास्टिकची, पाच मिनिटांत टोचतात. दुसरी मोठी: लोखंडातून आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे एका जागी ऐकून निकाल देता येत नाही, शेजारच्या दोन-तीन जागांशी ताडून बघावंच लागतं.

आणि कसारा घाट चढतानाच येणारी खणखण याने सापडणार नाही, कारण उभ्या गाडीत ती वाजतच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) काढून पुन्हा बसवला असेल आणि इग्निशन पुढे गेलं असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर ते पैसे टायमिंग लाइटवर (ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या दिव्यावर) घाला.