पोराची सुधारणा आम्हालाच विकली

मी अंगणवाडी सेविका आहे. ‘अंगारेधुपारे सोडा अन् दवाखान्यात चला’ असं गावातल्या बायांना सांगण्यात माझी पंधरा वर्षं गेली. म्हणून हे लिहायला लाज वाटते. पण मेंदूच्या इलाजाच्या नावाखाली ज्यानं आम्हाला फसवलं, तो माणूस आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात अजून फिरतो आहे असं कानावर आलं, तेव्हा लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात माझा तेरा वर्षांचा मुलगा भरलेल्या ट्रॉलीवरून सिमेंट रोडवर पडला. १०८ नं आधी यवतमाळ, तिथून नागपूरचं मेडिकल. शुद्धीचं माप ३ ते १५ असतं, ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. याचं ७ होतं. कवटीखाली रक्त साकळलं होतं, त्याच रात्री ऑपरेशन झालं, महात्मा फुले योजनेत. अकराव्या दिवशी तो ‘पाणी’ म्हणाला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. झटक्याची गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही. व्यायाम रोज. झोप भरपूर, टीव्ही-मोबाईलचा गोंगाट कमी. शाळा लागलीच पूर्ण वेळ नको. सुरुवातीचे सहा महिने सुधारणा भरभर दिसेल, मग हळू होईल, तेव्हा घाबरायचं नाही. मेंदू पुन्हा उगवेल असं कोणतंही औषध नाही. सगळं ऐकलं, मान हलवली, घरी आले.

घरी वेगळंच पोरगं आलं होतं. जेवून उठला की ‘आई, जेवायला दे’. डावा पाय ओढायचा. कधी शांत होऊन गोठ्याकडं बघत बसायचा, कधी ताट भिंतीवर. आधी एवढा गरीब स्वभावाचा मुलगा! शेजारच्या बाया बाहेरचं काही आहे म्हणायच्या. तिकडं मी गेले नाही, त्याचा मला गर्व होता. म्हणूनच दुसऱ्या खड्ड्यात पडले.

फेब्रुवारीत तालुक्याच्या मंगल कार्यालयात ‘मोफत मेंदू पुनर्वसन शिबिर’ लागलं. पांढरा कोट, लॅपटॉप, गोड बोलणं. डोक्याला तारा लावून रंगीत कागद काढला, अर्धा लाल, अर्धा हिरवा. “लाल भाग झोपलाय. स्टेम सेलनं, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींनी, जागा होतो.” मी मेडिकलचे कागद पुढं केले तर हसला, “ताई, फुकटात मेंदू दुरुस्त होत असतो का?” हे वाक्य बरोबर वर्मी लागलं. आपण गरीब म्हणून पोराला कमी मिळालं, ही टोचणी मनात होतीच.

तीन इंजेक्शनं, प्रत्येकी ८०,०००. वर महिन्याला ६,००० ची पावडर. मुलाचे बाबा एवढंच म्हणाले, “पोट्टं उभं राहत असन तं वावर बी इकू.” वावर विकावं लागलं नाही. कापसाचा चुकारा, माझी पोत आणि बचत गटाचं कर्ज यात भागलं. पावतीवर मात्र ‘देणगी’ लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचून सही केली.

इंजेक्शनची बाटली तो स्टीलच्या डब्यात बर्फात घालून आणायचा. लेबल नाही. आपण अंगणवाडीत लसीच्या दिवशी बाटलीवरची तारीख बघतो, पण त्या दिवशी माझी नजर तिकडं गेलीच नाही. पहिल्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांत मुलगा ओट्याच्या दोन पायऱ्या चढला. मी त्या माणसाच्या पाया पडले.

दुसऱ्यानंतर तो म्हणाला, झटक्याची गोळी मेंदूला झोपवते, ती बंद करा. केली. चौथ्या दिवशी पहाटे पाचला मुलगा खाटेवर ताठ झाला, तोंडाला फेस. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुसरा झटका आला.

तिथल्या डॉक्टरांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, मग विचारलं, “हा कधी काय करायला लागला, काही लिहून ठेवलंय का?” माझ्याकडे वही होती. चमचा धरला तो दिवस, आजीला ओळखलं तो दिवस, धरून चालला तो दिवस. ते म्हणाले, वजनाचा तक्ता भरता ना तुम्ही, तसा याचा भरा. मी केसपेपरच्या मागं ठिपके टाकले, जोडले. रेष जानेवारीपासूनच वर चढत होती. पहिल्या इंजेक्शनची तारीख त्या चढाच्या अर्ध्यावर आली. इंजेक्शनमुळे रेषेला काहीच फरक पडला नव्हता. पेन माझ्याच हातात होता.

मग कळलं की स्टेम सेल रक्ताच्या आणि अशाच काही ठराविक आजारांसाठीच मान्य आहेत. आयसीएमआर म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांनुसार बाकी सगळं संशोधन, आणि संशोधनात पेशंटकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. पुढं दिग्रसकडच्या एका बाईनं तिच्या मुलीचा रंगीत कागद दाखवला. आमच्यासारखाच लाल, आमच्यासारखाच हिरवा, आकडेसुद्धा तेच.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, “देणगी दिली तं फसवणूक कशी?” शिबिरवाल्याचा फोन बंद. मेंदूचा आजार बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून आता अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केलाय. अजून उत्तर नाही.

मुलगा आता एक वर्ष मागं, आठवीत आहे. सुरुवातीला दोनच तास शाळा, आता पूर्ण. दुपारनंतर थकतो, मग चिडतो. गणित जड जातं. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट बघतात, हे मला, अंगणवाडीवालीला, ठाऊक होतं. तिथं आम्ही सर्वांत शेवटी गेलो.

अर्जाला जोडायला शिबिराचं पत्रक हवं होतं. ते मिठाच्या डब्याखाली अंथरलेलं सापडलं, एक कोपरा भिजलेला, पण ‘मेंदू १००% बरा’ स्वच्छ वाचता येतं. तुमच्याकडे असं पत्रक असेल तर चुलीत घालू नका. पावतीही ठेवा, तिच्यावर देणगी लिहिलेलं असलं तरी.