आउट ऑफ द पार्क बेसबॉल : माझ्या लॅपटॉपवर माँट्रिअल अजून खेळतंय

पावसाळ्याच्या तोंडावर हा गेम घेतला आणि दिवाळी होऊन गेली तरी रोज रात्री जेवणं आवरली की तोच उघडते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

यात बॅट फिरवायची नसते. तुम्ही संघाचे जनरल मॅनेजर : करार, ट्रेड (संघांमधली खेळाडूंची देवाणघेवाण), ड्राफ्ट (नव्या पोरांची पाळीपाळीनं निवड), मायनर लीगमधली म्हणजे खालच्या पातळीवर तयार होणारी पोरं, मालकाने ठरवलेलं बजेट, सगळं तुमच्या गळ्यात. पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. खऱ्या बेसबॉलच्या इतिहासात पार १८७१ पर्यंत मागं जाऊन कुठल्याही हंगामापासून सुरुवात करता येते.

मी कॅनडातला माँट्रिअल एक्स्पोज हा संघ घेतला, हंगाम १९९४. या संघाची गोष्ट वाचल्यापासून ती मनातून जात नव्हती. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा ते ७४ विजय आणि ४० पराभवांवर होते, अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, अव्वल. अटलांटा ब्रेव्ह्ज सहा सामने मागं. राहिलेला हंगाम वर्ल्ड सिरीजसकट, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेसकट, रद्द झाला. नंतर खर्च कापायचा म्हणून जॉन वेटलंड, केन हिल आणि मार्किस ग्रिसम दुसऱ्या संघांना देऊन टाकले. लॅरी वॉकर करार संपल्यावर मोकळा (फ्री एजंट) होऊन कोलोरॅडोला गेला. १९९५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली ब्रेव्ह्जनी, आणि शेवटचा झेल ग्रिसमनं घेतला, ब्रेव्ह्जच्याच जर्सीत! पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझनं १९९७ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि त्याच हिवाळ्यात त्यालाही बोस्टनला धाडला. २००४ च्या हंगामानंतर संघच वॉशिंग्टनला हलला.

माझ्या फाइलमध्ये वेळापत्रक पूर्ण १६२ सामन्यांचं ठेवलं, संप नाही. एक सेटिंग आधीच ठरवा : खेळाडूंची गुणवत्ता दरवर्षी त्यांच्या खऱ्या आकडेवारीवरून नव्यानं काढायची, की गेमला आपल्या हिशोबानं वाढवू द्यायची. पहिल्या पर्यायात पेड्रो कधी बहरणार हे आधीच माहीत असतं. मी दुसरा घेतला, नवे खेळाडूही काल्पनिक ठेवले. मग खरी धाकधूक सुरू झाली. वॉकर आणि पेड्रो दोघांचे पगार बजेटमध्ये बसेनात. मी पेड्रोला ठेवलं. पुढं त्याचा खांदा गेला, जवळजवळ अख्खा हंगाम तो बाहेर, आणि आम्ही तळाला. तरी त्याला विकला नाही. परत आला तेव्हा चेंडूचा वेग पहिल्यासारखा नव्हता, पण चेंडू टाकण्यातला नेमकेपणा तसाच होता. वर्ल्ड सिरीज त्याच्या त्या उतरत्या काळातच मिळाली.

मला या गेमचं सगळ्यात मोल वाटतं ते संघाच्या इतिहासाच्या पानाचं. प्रत्येक वर्षाची एक ओळ : विजय, पराभव, मॅनेजर, सगळ्यात चांगला बॅटर, सगळ्यात चांगला पिचर. ओळीवर क्लिक केलं की तो हंगाम उघडतो. ड्राफ्टच्या अगदी खालच्या फेरीत घेतलेला एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आहे. ऑल-स्टार कधीच झाला नाही, पण निवृत्त होईपर्यंत आमच्याकडंच राहिला, आणि आज संघाच्या सर्वाधिक सामन्यांच्या यादीत पहिला आहे. त्याच्या पानावर दुखापती, पगार, मायनर लीगमधलं पहिलं वर्ष, सगळं जसंच्या तसं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच बघताना मागच्या पायरीवरची मंडळी समोरच्या खेळाडूला त्याच जागी पूर्वी खेळलेल्याशी लावून बघतात, तशी बघायची सवय हा गेम लावतो. नवा शॉर्टस्टॉप घेताना माझ्या डोळ्यांसमोर जुना असतोच. बाकीचे स्पोर्ट्स गेम मी एक-दोन ट्रॉफी मिळाल्या की सोडून दिले. इथं तळाला गेलेली वर्षंसुद्धा पुसावीशी वाटत नाहीत.

त्रासही आहे. मेनू गच्च भरलेले आहेत. बेसबॉलचे नियम, पगाराची गणितं, २० ते ८० च्या मापात दिलेली गुणवत्ता, हे अंगवळणी पडेपर्यंत धीर धरावा लागतो. मराठी सोडाच, हिंदीही नाही. ट्रेडची काठिण्यपातळी वाढवून ठेवा, नाहीतर समोरचे संघ भोळ्यासारखे चांगली पोरं देऊन टाकतात. मैदानावरची थ्रीडी चित्रं यथातथाच. मी धावफलक आणि मजकुरावरच खेळते. दरवर्षीची नवी आवृत्ती घ्यायलाच हवी असं नाही, सेलमध्ये मागची मिळाली तरी भागतं.

जुन्या लॅपटॉपवर खेळणार असाल तर परदेशी लीग सुरुवातीलाच बंद ठेवा. सगळ्या चालू असल्या की एक महिना पुढं सरकवायला चहा करून पिण्याइतका वेळ जातो. फाइलही वर्षागणिक फुगते. जुन्या सामन्यांचे तपशील पुसले तर ती आटोक्यात राहते, पण मी पुसत नाही. हंगाम संपला की अल्मनॅक तयार करते, त्या वर्षाची सगळी पानं ब्राउझरमध्ये उघडता येतात, आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवते. भावाला तो एकदा दाखवला, तेव्हापासून दर रविवारी त्याचा पहिला प्रश्न असतो, "ताई, माँट्रिअल कितवं?"