फोटो मागितला की भाव उतरवणारा विक्रेता

सायकलचा जुना सुटा भाग ऑनलाइन घेताना तुम्ही एखादा फोटो मागितलात आणि समोरच्याने फोटो पाठवायच्या ऐवजी भाव उतरवला, तर तो व्यवहार तिथेच सोडा. पाचशे-हजार सुटले म्हणून पुढे जाऊ नका. माझे सहा हजार रुपये नेमके याच रीतीने गेले. आणि पैसेच गेले, हे नशीब. तो भाग माझ्या भाच्याच्या सायकलीला लागून चोर्ला घाटात उतरला असता, तर मी हे कशासाठी लिहिलं असतं याचा विचारही करवत नाही. विकणाऱ्याचं नाव पोलिसांकडे दिलं आहे, इथे देत नाही. त्याची रीत मात्र सगळ्यांना कळायला हवी, कारण ती फार सभ्य होती.

आम्ही डिचोलीचे. २०१९ मध्ये गोव्यात पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत झाली, त्यात सायकलचा टप्पा ९० किलोमीटरचा. तेव्हापासून आमच्याकडे रोड बाइकचं वेड वाढलेलं डोळ्यांना दिसतं. पहाटे मिरामार-दोना पावलाच्या रस्त्यावर बघा, रविवारी घाटाच्या पायथ्याशी बघा. पण सायकली वाढल्या त्या मानाने सुटे भाग इथे मिळत नाहीत. जुना पण चांगला भाग हवा असेल तर पुणे, मुंबई, बेंगळुरूकडे नजर लावून बसावं लागतं. भाच्याला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, हवा होता. त्याची सायकल जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने फोर्कचा स्टिअरर, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकातून हँडलपर्यंत वर येणारी नळी, फारच आखूड कापली होती. पोरगा वर्षभरात ताडमाड वाढला आणि हँडल त्याच्या गुडघ्यांशी भांडायला लागलं. कापलेली नळी वाढवता येत नाही. फोर्कच बदलायला हवा.

पुण्याच्या एका माणसाची जाहिरात दिसली. काळा कार्बन फोर्क, वर्षभर वापरलेला, पडझड नाही, किंमत ९,०००. तसा नवा फोर्क घ्यायचा तर सोळा-सतरा हजार पडले असते. म्हणजे भाव अगदी रास्त. संशय यावा इतका स्वस्तही नाही. फसवणारा माल मातीमोल भावाने देतो असं आपण धरून चालतो. हा तसा नव्हता.

बोलायलाही गोड. मी साडेसातला मागितला, तर त्याने लगेच होकार भरला नाही. "दादा, साडेआठच्या खाली खरंच परवडत नाही," म्हणाला. एक रात्र जाऊ दिली. स्टिअररची लांबी विचारली तर टेप लावून फोटो पाठवला, २१० मिलिमीटर. नळीचा व्यास, क्राऊन रेस, म्हणजे नळीच्या तळाशी बसणारी बेअरिंगची कडी, बसवलेली आहे की नाही, सगळं नीट सांगितलं. अशा माणसाशी घासाघीस करताना बरं वाटतं, कारण स्वतःच्या वस्तूची किंमत धरून ठेवणारा माणूस सहसा खरा असतो.

मग मी म्हटलं, "भाऊ, क्राऊनचा खालच्या बाजूने एक फोटो पाठव, आणि दोन्ही पायांच्या मुळाशी आतून एक." कार्बन फोर्क आपटला तर चीर जाते ती बहुतेक इथेच, जिथे दोन पाय क्राऊनला, म्हणजे नळीच्या तळाच्या जोडाला, मिळतात. उत्तर आलं, "दादा, आठला करून टाका, तुमचं-माझं काही नाही." फोटो नाही. मी परत विचारलं. म्हणाला फोर्क पॅक करून ठेवलाय, उघडला तर पुन्हा पॅकिंग बिघडेल, पण तुम्ही गोव्याचे, आमचं कुलदैवत मंगेशी, तुमच्याकडून काय कमवायचं, सात द्या. मी म्हटलं, पैशांचं राहू दे, फोटो दे. तेव्हा एक फोटो आला. लांबून काढलेला, अंधुक, क्राऊनजवळ एक पांढरा स्टिकर. स्टिकर कशाला, असं विचारलं तर, "शोसाठी लावलाय. दादा, सहा फायनल, पण टोकन आत्ता टाका, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय."

हे सगळे मेसेज माझ्याकडे आहेत. आज ते ओळीने वाचले की चित्र लख्ख दिसतं: प्रत्येक प्रश्नाला त्याने एकेक पायरी उतरून उत्तर दिलं. वस्तूबद्दल एक अक्षर नाही, फक्त आकडा. त्यावर मंगेशीची शपथ घातल्यासारखं बोलणं. देवाचं नाव असं वापरणाऱ्याची मला आजही चीड येते.

हजार टोकन, बाकीचे पार्सलची पावती बघून, असं ठरलं आणि ते त्याने पाळलंही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकलं, सकाळी म्हापशाला उतरवून घेतलं. बांधणी उत्तम. खोका उघडण्याचा व्हिडिओ मी पहिल्या चिकटपट्टीपासून सलग काढला आहे, आणि प्रत्येकाने तो काढावा.

म्हापशातल्या ज्या मिस्त्रीकडे आम्ही जातो, त्यांनी फोर्क हातात घेतला आणि बसवायच्या आधी एक रुपयाचं नाणं काढलं. उजव्या पायावर खालून वर टकटक करत गेले: टण, टण, टण, सगळीकडे एकसारखा कोरडा आवाज. मग डावा पाय. खाली तोच टणटणीत आवाज, आणि स्टिकरच्या दोन बोटं खाली तो एकदम बसला. पिकल्या फणसावर थाप मारावी तसा बद्द. त्यांनी काही न बोलता नखाने स्टिकरची कड उचलली. स्टिकरबरोबर काळ्या रंगाचा एक पापुद्राच निघाला. खाली पॉलिश पेपरने घासलेला खरखरीत पट्टा, आणि त्यात तिरकी गेलेली केसाएवढी चीर. मिस्त्रींनी फोर्कचे दोन्ही पाय हलकेच बाहेर ताणले तर ती चीर उघडली. सोडले तर मिटली. भाचा शेजारी उभा होता. त्याने तो फोर्क हातात घ्यायलाही नकार दिला.

ॲल्युमिनियम किंवा स्टील बरेचदा आधी वाकतं, काहीतरी इशारा देतं. कार्बनमध्ये चीर वाढत जाते आणि मग एखाद्या खड्ड्यात तो भाग एकदम तुटतो. पुढचा फोर्क तुटला तर माणूस तोंडावर आपटतो, सावरायला क्षणही मिळत नाही. ती चीर रंगाखाली झाकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. ठाऊक नसतं तर घासलं कशाला असतं?

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, पार्सलमध्ये झालं असेल. घासलेला पट्टा आणि त्यावरचा रंगही पार्सलमध्ये झाला का, असं विचारल्यावर त्याचा आवाज बदलला. "सहा हजारांत काय कोरा करकरीत देऊ का? भाव तुम्हीच पाडलात. त्या भावात असाच माल येतो." त्यानंतर नंबर ब्लॉक.

याच वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो. मी साडेसात मागितले होते. साडेसाताखालचा प्रत्येक आकडा त्याच्या तोंडून आला. आणि समजा मी पाडलाही असता, तरी भाव कमी केल्याने दोष लपवायचा हक्क मिळत नाही. भाव ठरतो तो सांगितलेल्या वस्तूचा. "चीर आहे, शोभेला भिंतीवर लावा, पाचशे द्या" असं तो म्हणाला असता तर तोही सच्चा व्यवहार झाला असता. स्वस्तात मागणाऱ्याने मुकाट्याने सोसावं, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की मी ही हकिगत सांगितल्यावर दोन-चार जणांनी मलाच विचारलं, एवढं घासलंस कशाला म्हणून. घासाघीस करणं हा गुन्हा नाही. ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही चालते. तिथे निदान वस्तू आपल्या हातात असते.

मीही जुने भाग विकतो, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूनेही बोलतो. तुम्ही केवढ्याला घेतला होता, त्याला काही अर्थ नाही. आज तो नवा केवढ्याला मिळतो तिथून मोजायला सुरुवात करा. फारसा झिजत नाही असा भाग, म्हणजे हँडल, सीटपोस्ट (सीटखालची दांडी), धड स्थितीतला डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर टाकणारा भाग), नव्याच्या निम्म्याच्या आसपास जातो, आणि घेणारा-देणारा दोघेही सुखी राहतात. झिजणाऱ्या भागाला झीज दाखवल्याशिवाय भाव सांगू नये. चेन विकायची तर स्टीलची पट्टी लावून फोटो द्या: कोऱ्या चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर १२ इंच भरतात. ११ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ गिअरच्या, चेनमध्ये ते १/१६ इंचाने जास्त भरले की ती चेन संपली, आणि ती जिच्यावर फिरली त्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही बघावे लागतात. अशी चेन कॅसेटबरोबर फुकट दिली तरी घेणाऱ्यावर उपकार नाहीत. रिम ब्रेकचं चाक असेल तर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर बोट फिरवा, खोलगट लागलं तर चाकाचं आयुष्य सरत आलं आहे. जुनं हेल्मेट मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका आणि विकूही नका.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोरजी, कळंगूटसारख्या किनाऱ्याच्या गावात राहिलेली सायकल लांबून झकास दिसते, पण खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस आतून काम करत असतो. स्पोकचे निपल, म्हणजे स्पोक रिमला धरणारे छोटे नट, पांढरे पडून धरतात, ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट फ्रेममध्ये असा जाम होतो की निघता निघत नाही. गोव्यातून विकताना हे स्वतःहून सांगा. मी सांगतो, त्यामुळे कधी गिऱ्हाईक जातं, पण जे राहतं ते परत येतं.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, घेणाऱ्यांनी आणखी एक फोटो मागावा. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ड्युरा-एस आणि अल्टेग्राचे काही ११ स्पीड क्रँक तपासणीसाठी परत बोलावले, कारण त्यांचे चिकटवलेले भाग सुटू शकतात. जुलै २०१९ च्या आधी बनलेले हे क्रँक. मॉडेल एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० आणि त्याचंच पॉवर मीटरवालं रूप. बनवल्याचा दोन अक्षरी कोड क्रँकच्या आतल्या अंगाला, पेडल बसतं तिथे असतो. त्या कोडचा स्पष्ट फोटो घ्या. तिथे घासलेलं दिसलं तर पुढे बोलूच नका.

भावाच्या बोलण्याचीही एक रीत असते. वस्तूबद्दल एक प्रश्न न विचारता "लास्ट किती?" एवढंच लिहिणारा आणि ठरलेल्या भावावर घरी आल्यावर "आता पाचशे कमी द्या" म्हणणारा, दोघेही व्यवहार नासवतात. आधी प्रश्न, मग फोटो, मग भाव. एकदा शब्द दिला की दोघांनी तो पाळायचा. पार्सलचा खर्च कोणाचा, माल सांगितल्यासारखा नसला तर परत घेणार का, हे पैसे पाठवायच्या आधी मेसेजमध्ये लिहून घ्यायचं, नुसतं फोनवर नको. आणि विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. जो गिऱ्हाईक कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगतो, तो गिऱ्हाईक नव्हेच.

मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात मेसेज, पैसे गेल्याचे पुरावे आणि तो व्हिडिओ घेऊन गेलो. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तरीही तक्रार द्या, आणि लगेच द्या. १९३० चा उपयोग पैसे पुढे सरकायच्या आत फोन केला तरच होतो. रक्कम लहान म्हणून गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच हे लोक पुढची जाहिरात टाकतात.

फोर्क पुरावा म्हणून माझ्याकडे आहे. दोन्ही पायांवर लाल ऑइल पेंटने "तुटका" असं लिहून ठेवलं आहे, कारण एका ओळखीच्यानेच सुचवलं की मीही तो तीन-चार हजारांत पुढे ढकलावा. तक्रारीचा निकाल लागला की मिस्त्रींकडे नेऊन कापणार आहे. तुमच्याकडे चीर गेलेला कार्बनचा कुठलाही भाग पडून असेल तर तो भंगारात अखंड देऊ नका. नाकाला मास्क लावा, पाणी मारत हॅक्सॉने मधोमध दोन तुकडे करा, आणि मगच टाका.